दुसरी प्रत कोठे आहे?

आमच्या वाचक-कुटुंबांपैकी अनेकांच्या घरी संगणक येऊन आता पुष्कळ वर्षे लोटली आहेत. मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून जो आणला, तो हळूहळू साऱ्या घराचे दप्तर होऊन बसला आहे. जमिनीच्या उताऱ्याची प्रतिमा, खरेदीखताची स्कॅन केलेली नक्कल, मुलांच्या गुणपत्रिका, बँकेची विवरणपत्रे, आजारपणातील तपासण्यांचे अहवाल, आखातात किंवा बोटीवर नोकरीस असलेल्या मुलाचे करारपत्र, आणि या सर्वांहून अधिक म्हणजे कुटुंबाची छायाचित्रे, हे सारे आता त्या एका यंत्रात असते. पूर्वी हीच ठेव लोखंडी ट्रंकेत असे, आणि ट्रंकेची किल्ली घरातील वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला असे. ट्रंकेत काय आहे आणि आग लागली तर प्रथम काय बाहेर काढावयाचे, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असे. संगणकाच्या बाबतीत मात्र आम्ही जेव्हा जेव्हा परिचितांना "या सर्वांची दुसरी प्रत कोठे आहे?" असा साधा प्रश्न करतो, तेव्हा बहुधा उत्तर येते ते हे की, "काढायची आहे, पण अजून झाली नाही."

हे "अजून झाली नाही" हाच आमच्या आजच्या लेखाचा विषय होय. नव्या यंत्रांचे कौतुक करावे हा आमचा हेतू नाही, आणि त्यांची भीती घालावी हाही नाही. घरातील मोलाची वस्तू कशी सांभाळावी हा गृहव्यवस्थेचा जुनाच प्रश्न आहे. केवळ वस्तू नवी आहे.

प्रथम हे समजून घेऊ की, संगणकातील ठेव नष्ट का होते. माहिती ज्या भागावर साठते त्यास हार्ड डिस्क म्हणतात. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये गुळगुळीत चकत्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात, आणि माहिती वाचणारे टोक चकतीला न टेकता, केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही कमी अंतरावरून फिरत असते. इतक्या नाजूक रचनेला एखादा धक्का, धुळीचा एखादा कण किंवा विजेचा एखादा झटका पुरेसा होतो. नव्या संगणकांत एसएसडी नावाची डिस्क असते. तिच्यात फिरणारा भाग नसल्यामुळे ती धक्के अधिक सोसते; परंतु तीही अमर नव्हे, आणि बिघडते तेव्हा पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता बिघडते. म्हणून आपली डिस्क बिघडेल काय, असा विचार करीत बसण्यात अर्थ नाही. ती केव्हातरी बिघडणारच, हे धरून चालावे.

बेळगाव जिल्ह्यातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबावर हा प्रसंग आला. वडील वृद्ध झाले होते. त्यांच्या अखेरच्या वर्षी मुलीने त्यांना समोर बसवून घराण्याच्या जुन्या गोष्टी सांगावयास लावल्या आणि त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या: कोणता बांध कोणाचा, विहीर कोणी खणली, कोणत्या दुष्काळात कोण कोठे गेले, कोणाशी आपले नाते कसे लागते. सारे मिळून पाऊण तासाचे बोलणे होते. मुलीने ते संगणकावर उतरविले, आणि पुढे मोबाइल जुना झाला तेव्हा तो बदल्यात देऊन टाकला. वडील गेले. त्यानंतरच्या जून महिन्यात एका संध्याकाळी गावातील वीज तीनदा गेली आणि तीनदा आली. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू होईना. तालुक्याच्या कारागिराने नवी डिस्क बसवून यंत्र चालू करून दिले, आणि जुनी डिस्क शहरातील तज्ज्ञांकडे पाठविण्याचा सल्ला दिला. तज्ज्ञांनी काही फाइली परत मिळविल्या. त्यांत लग्नाची छायाचित्रे होती, काही कागद होते. वडिलांचा आवाज नव्हता. छायाचित्रांविषयी त्या घरातील आई काही बोलत नाही. "त्यांचे बोलणे पुन्हा ऐकायला मिळेल का?" एवढेच ती अधूनमधून मुलीला विचारते.

या घटनेतील एक गोष्ट वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. त्या मुलीने दुसरी प्रत काढली नव्हती असे नाही. दोन वर्षांपूर्वी एका सुटीत तिने संगणकातील सारे काही पेन ड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवले होते. ती पेन ड्राइव्ह आजही धडधाकट आहे. परंतु ध्वनिमुद्रण त्यानंतरचे होते. हाताने काढलेल्या प्रतीचा दोष नेमका हाच असतो. ती आपल्या सवडीवर व स्मरणावर अवलंबून असते, आणि म्हणून ती नेहमी हरवलेल्या वस्तूहून जुनी निघते. शेताची कामे, मुलांच्या परीक्षा, दुखणी, पाहुणे यांतून प्रत काढण्यास सवड कोणास होते? यास्तव हे काम माणसाच्या स्मरणावर न ठेवता यंत्राकडेच सोपवावे. ठरलेल्या वेळी, न सांगता, प्रत आपोआप निघाली पाहिजे. यालाच संगणकाच्या भाषेत ऑटोमॅटिक बॅकअप असे म्हणतात.

एक प्रत पुरेशी आहे काय? या विषयात एक सुटसुटीत नियम सर्वत्र मानला जातो. अमेरिकेतील छायाचित्रकार पीटर क्रोह यांनी छायाचित्रांच्या जतनाविषयी लिहिताना तो लोकप्रिय केला. त्याला "३-२-१" असे म्हणतात. मूळ धरून एकंदर तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. नियम नवा वाटला, तरी त्यामागील शहाणपण नवे नाही. आपल्याच घरांत त्याचे उत्तम उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले, आणि १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ तरीही वाचला, तो गोव्याकडील व मंगळूरकडील कुटुंबांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. अशा हस्तलिखितांच्या आधारेच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला. एकाच ठिकाणी शंभर प्रती असत्या, तरी कदाचित एकही उरली नसती. वेगवेगळ्या गावी थोड्याच होत्या, त्या उरल्या.

दुसरे उदाहरण चर्चच्या दप्तराचे. १९१७ सालच्या धर्मविधानातील ४७० व्या कलमात असे सांगितले होते की, बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू इत्यादींच्या नोंदवह्यांची अधिकृत नक्कल धर्मगुरूने दर वर्षाच्या अखेरीस बिशपांच्या कार्यालयात पाठवावी. १९८३ साली नवे धर्मविधान आले, त्यापूर्वीचा हा नियम आहे. त्यातील दोन शब्द पाहण्यासारखे आहेत: "दर वर्षी" आणि "दुसऱ्या कार्यालयात". ठरलेली वेळ आणि वेगळी जागा. संगणकाच्या प्रतीसही याच दोन गोष्टी लागतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम बाहेरून जोडावयाची एक हार्ड डिस्क विकत घ्यावी. एक टीबीची डिस्क सामान्य कुटुंबास पुष्कळ झाली. मोबाइलने काढलेले एक छायाचित्र सुमारे ४ एमबीचे धरले, तर तिच्यात अडीच लाख छायाचित्रे मावतात. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. ती निरोप पोहोचविण्याचे साधन आहे, ठेव राखण्याचे नव्हे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे संगणक विकणारे बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग करून देतात, त्यांना सी ड्राइव्ह व डी ड्राइव्ह म्हणतात. सीमधील फाइली डीमध्ये उतरविल्या म्हणजे दुसरी प्रत झाली, असे पुष्कळांना वाटते. परंतु ही एकाच पेटीतील दोन खणांसारखी गोष्ट आहे. पेटी बुडाली म्हणजे दोन्ही खण बुडतात. प्रत ही वेगळ्या डिस्कवरच हवी.

विंडोज १० व विंडोज ११ या दोन्हींत "फाइल हिस्टरी" नावाची सोय अगोदरपासूनच असते. तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. डिस्क संगणकास जोडावी. शोधाच्या चौकटीत "कंट्रोल पॅनेल" असे लिहून ते उघडावे, आणि त्यात "फाइल हिस्टरी" शोधावे. जोडलेली डिस्क तेथे दिसू लागते. "टर्न ऑन" हे बटण दाबले की पहिली प्रत निघण्यास आरंभ होतो. पहिल्या खेपेस सारे काही उतरवावयाचे असल्याने काही तास लागतील. तोवर डिस्क काढू नये. त्यानंतर मात्र फक्त नव्या व बदललेल्या फाइली उतरविल्या जातात, आणि त्यास फारसा वेळ लागत नाही. डाव्या बाजूस "ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज" आहे. तेथे किती वेळाने प्रत काढावी हे ठरविता येते. आपण काहीच बदलले नाही, तर संगणक दर तासास प्रत काढतो आणि जुन्या प्रती कायम ठेवतो. आमच्या मते हे तसेच राहू द्यावे. डिस्क भरत आली असे वाटल्यास "जागा लागेपर्यंत" जुन्या प्रती ठेवण्याचा पर्याय निवडावा.

जुन्या प्रती राहतात याचे महत्त्व थोडे सांगतो. समजा, एखाद्या मुलाने हिशेबाची फाइल उघडून चुकून अर्धी पुसली आणि तशीच जतन केली. दोन आठवड्यांनी हे लक्षात आले. प्रत जर एकच असेल, तर तीही एव्हाना अर्धीच झालेली असेल. फाइल हिस्टरीत मात्र दोन आठवड्यांपूर्वीची पूर्ण फाइल वेगळी राहिलेली असते.

एका गोष्टीची काळजी घ्यावी. फाइल हिस्टरी ही डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज व डेस्कटॉप अशा ठरावीक जागांचीच प्रत काढते. आपली छायाचित्रे डी ड्राइव्हवरील एखाद्या फोल्डरमध्ये असतील, तर ती आपोआप उतरणार नाहीत, आणि याचा पत्ताही लागणार नाही. यास्तव तो फोल्डर उचलून पिक्चर्समध्ये ठेवावा, किंवा त्याच्यावर उजवे बटण दाबून "इन्क्लूड इन लायब्ररी" करावे. विंडोज ११ मध्ये हा पर्याय "शो मोअर ऑप्शन्स" खाली सापडतो. ज्यांच्याकडे ॲपलचा मॅक संगणक आहे, त्यांच्यासाठी "टाइम मशीन" ही याच कामाची सोय आहे. ती शेवटच्या चोवीस तासांच्या दर तासाच्या, शेवटच्या महिन्याच्या रोजच्या, आणि त्यापूर्वीच्या आठवड्यागणिक प्रती ठेवते.

इतके झाले म्हणजे घरात दुसरी प्रत झाली. पण ती त्याच घरात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा यांच्या पुराने बेळगाव जिल्ह्यातील कितीतरी घरांत पाणी शिरले, ते अनेकांच्या स्मरणात आहे. पाण्याला संगणक कोणता आणि प्रतीची डिस्क कोणती, हा भेद कळत नाही. चोरालाही कळत नाही. तो दोन्ही नेतो. वळवाच्या पावसात वीज पडते, तेव्हा एकाच तारेवर जोडलेली दोन्ही यंत्रे एकदमच निकामी होऊ शकतात. म्हणून ढग गडगडू लागले की संगणकाची तार भिंतीतून काढावी आणि डिस्कही अलग करावी. डिस्क काढताना अगोदर संगणकास तसे सांगावे, एकदम उपटू नये. डिस्क नसतानाच्या वेळात बदललेल्या फाइलींच्या प्रती फाइल हिस्टरी तात्पुरत्या स्वतःजवळ राखते, आणि डिस्क पुन्हा जोडली की त्या तिच्यावर उतरविते. म्हणून या खंडाने काही बिघडत नाही.

जोडलेल्या डिस्कला आणखी एक धोका आहे, तो माणसाच्या दुष्टपणाचा. १२ मे २०१७ रोजी "वॉनाक्राय" नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली त्याने कुलूपबंद केल्या, आणि कुलूप उघडण्यासाठी ३०० डॉलरची खंडणी मागितली. इंग्लंडमधील रुग्णालयांची कामेही त्याने खोळंबली. असे प्रोग्रॅम संगणकास जोडलेल्या डिस्कवरील फाइलींनाही सोडत नाहीत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, ज्यांचे संगणक अद्याप त्यावर आहेत त्यांनी तर अधिकच सावध असावे. अशा प्रसंगी उपयोगी पडते ती, जी संगणकास जोडलेली नाही अशी प्रत.

यावर आमची सूचना अशी की, डिस्क एक न घेता दोन घ्याव्यात. एक संगणकाजवळ राहील आणि दर तासाची प्रत काढील. दुसरी आपल्या घरी ठेवूच नये; ती शहरात राहणाऱ्या मुलीकडे, भावाकडे किंवा परगावच्या मावशीकडे ठेवावी. गावच्या फेस्ताला आणि नाताळला ही मंडळी घरी येतातच. येताना त्यांनी ती डिस्क आणावी आणि जाताना दुसरी घेऊन जावे. अदलाबदल झाली की फाइल हिस्टरीतील "सिलेक्ट ड्राइव्ह" येथे जाऊन नुकतीच आलेली डिस्क निवडावी, इतकेच काम. त्यांच्या घरची प्रतही याच रीतीने आपल्याकडे ठेवून घेता येईल. दोन घरांनी एकमेकांची ठेव सांभाळावी, यात आपल्याकडे नवे काय आहे? समुद्राजवळच्या दमट हवेत डिस्क उघडी न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी.

कोणी म्हणेल, "इंटरनेटवर ठेवले की झाले, या डिस्का हव्यात कशाला?" इंटरनेटवरील साठवण उपयुक्त आहे यात शंका नाही. ती घरापासून दूर असते, आणि आपोआप होते. परंतु तिच्या मर्यादा ओळखाव्यात. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते, आणि तीत पत्रे, फाइली व छायाचित्रे यांचा सर्वांचा वाटा असतो. १ जून २०२१ पासून नव्याने चढविलेली छायाचित्रेही त्यातच मोजली जातात. वरच्याच हिशेबाने ही जागा पावणेचार हजार छायाचित्रांत भरते. विंडोजच्या "वनड्राइव्ह"मध्ये विनामूल्य जागा ५ जीबीच असते. शिवाय गावाकडील इंटरनेटवरून फाइली वर पाठविण्यास वेळ लागतो. सेकंदास १० मेगाबिट इतका वेग अखंड मिळाला, तरी १०० जीबी पाठविण्यास सुमारे बावीस तास जातील.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, यांपैकी पुष्कळ सोयी प्रत ठेवीत नाहीत, तर जुळवून ठेवतात. म्हणजे संगणकावर जे असेल ते तेथे, आणि संगणकावर जे पुसाल ते तेथूनही पुसले जाणार. गूगल ड्राइव्हमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस केराच्या टोपलीत राहते, पुढे ती कायमची जाते. आरशात वस्तू दिसते म्हणून ती दोन ठिकाणी आहे असे होत नाही. यास्तव इंटरनेटवर फक्त अत्यंत मोलाच्या थोड्या फाइली ठेवाव्यात: घराजमिनीचे कागद, प्रमाणपत्रे, वडीलधाऱ्यांचे आवाज, निवडक छायाचित्रे. एवढ्या गोष्टी विनामूल्य जागेत सहज बसतात. बाकीचे सारे डिस्कवर असावे. आणि मोबाइलमधील छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे महिन्यातून एकदा केबलने संगणकावर आणावीत, म्हणजे तीही या व्यवस्थेत येतील.

आता शेवटची आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्राकडे काम सोपविले म्हणजे आपण मोकळे झालो असे समजू नये. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत "टॉय स्टोरी २" या मुलांच्या चित्रपटाचे काम चालू होते. कोणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाचा फार मोठा भाग संगणकांवरून पुसला गेला. संस्थेत प्रती आपोआप निघत होत्या, म्हणून प्रथम कोणी घाबरले नाही. पण प्रती उघडून पाहिल्या, तेव्हा कळले की त्या कित्येक दिवस नीट निघतच नव्हत्या. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. घरी तान्हे मूल असल्याने त्या घरून काम करीत, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, मोटारीत घालून कार्यालयात आणण्यात आला. चित्रपट १९९९ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. निष्णात तंत्रज्ञांनी भरलेल्या संस्थेत जे घडले ते आपल्या घरात घडणार नाही, असे कोण म्हणेल? दिवा लागलेला आहे, डिस्क जोडलेली आहे, यावरून प्रत निघाली असे सिद्ध होत नाही. प्रत निघाली याचा पुरावा एकच: तिच्यातून फाइल परत काढून पाहणे.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा मिनिटे काढावीत. फाइल हिस्टरीत "रिस्टोर पर्सनल फाइल्स" असा पर्याय आहे. तो उघडून एक जुने छायाचित्र, एक अलीकडचा कागद आणि एक ध्वनिमुद्रण निवडावे. खाली हिरवे गोल बटण असते; त्यावर उजवे बटण दाबून "रिस्टोर टू" निवडले, तर मूळ फाइलीस धक्का न लावता ती वेगळ्या जागी परत काढता येते. छायाचित्र उघडून पाहावे, कागद वाचावा, आवाज ऐकावा. अखेरची प्रत कोणत्या तारखेस निघाली हेही तेथेच दिसते. ती तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. हे काम मुलांना द्यावे. ती आनंदाने करतील, आणि आपल्या घराची ठेव कोणती हे त्यांना त्यानिमित्ताने कळेल.

तसेच, ही सारी व्यवस्था घरातील एकाच माणसाच्या डोक्यात राहू देऊ नये. बहुतेक घरांत संगणकाची माहिती एकट्या मुलास असते, आणि तो शिक्षणासाठी पुण्यास किंवा नोकरीसाठी परदेशी जातो. घरात एखादा मृत्यू घडतो आणि मागे राहिलेल्यांना पासवर्ड ठाऊक नसतो. मग प्रत असूनही ती नसल्यासारखीच. संगणकाचा व इंटरनेट-खात्याचा पासवर्ड, डिस्का कोठे आहेत आणि कोणत्या फोल्डरमध्ये काय आहे, हे एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहावे, पाकिटात घालून बंद करावे आणि दागिन्यांजवळ कुलपात ठेवावे. पासवर्ड बदलला की कागदही बदलावा. घरातील दोघांना तरी हे पाकीट कोठे आहे हे माहीत असावे.

खर्चाचा प्रश्न काहींच्या मनात येईल. दोन डिस्का म्हणजे काही हजार रुपये लागतात, आणि ते प्रत्येक घरास एकदम जमेल असे नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी एक डिस्क आज घ्यावी आणि दुसरी पुढील सुगीला. तोवर मोलाच्या थोड्या फाइली इंटरनेटवर ठेवाव्यात. दोन-तीन शेजारी मिळून एखाद्या जाणत्या मुलाकडून हे काम एकाच दुपारी करवून घेता येईल. तरुण मंडळींनी आपल्या वाड्यातील वृद्धांच्या घरी जाऊन ही जुळणी करून दिली, तर ती सेवा छोटी समजू नये.

वाचकांनी हा लेख वाचून बाजूस ठेवण्यापूर्वी घरातील मंडळींना एकदा विचारावे: आज रात्री हा संगणक बंद पडला आणि उद्या उघडला नाही, तर आपले काय काय जाईल? जे उत्तर येईल ते कागदावर उतरवावे. त्या यादीत ज्या वस्तू पुन्हा कोणत्याही कार्यालयातून, कोणत्याही दुकानातून मिळणार नाहीत, त्यांच्यापुढे खूण करावी. खूण केलेल्या फाइली आजच्या आज दुसऱ्या जागी उतरवाव्यात, आणि येत्या रविवारी आपोआप प्रत काढण्याची व्यवस्था सुरू करावी. ज्या घरी आजी-आजोबांचे बोलणे अद्याप मुद्रित केलेले नाही, त्यांनी तेही याच आठवड्यात करून घ्यावे.